आठ दिवसांची भिंत

घड्याळजींच्या बायकोने एकोणपन्नासाव्या वर्षी दोन वर्षांच्या एमबीएला नाव घातलं, तेव्हा गल्लीत दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणाला, वर्षभरात सोडेल. दुसरा म्हणाला, तेवढी तरी कशाला थांबते. घड्याळजी कोणत्याच पक्षात नव्हते. डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस पक्ष कसला घेणार? ते एवढंच म्हणाले, "वेळेवर जात जा."

तिला सगळे वहिनीच म्हणतात, वयाने मोठे असलेले धरून. पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली, तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, बाईच आल्या. वहिनीनेही सवयीने "बसा, बसा" म्हटलं आणि पहिल्या बाकावर जाऊन वही उघडली. खऱ्या बाई आल्या तेव्हा कोणी उठलंच नाही. वहिनीची आणि त्या बाईंची ओळख ही अशी झाली.

वर्गात जे शिकेल ते घरी लावून बघायचं, असा तिचा बाणा. बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके असे चार रकाने शिकवले, की संध्याकाळी घराचे चार रकाने फ्रिजवर चिकटले. धोक्यांच्या रकान्यात एकच नोंद होती: मोठ्या नणंदबाई. आणि नेमक्या त्याच रविवारी नणंदबाई जेवायला. चष्मा लावून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, "मी एकटीच का? बरं झालं, वाटेकरी नको."

माणसांकडून काम करून घ्यायचं तर त्यांचं कौतुक करावं, हे दुसऱ्या महिन्यात शिकवलं. घड्याळजींनी कप विसळला. वहिनी म्हणाली, "किती स्वच्छ विसळलात हो." घड्याळजींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "काय हवंय?"

संख्याशास्त्रात मात्र तिचं घोडं पेंड खायला लागलं. सरासरी कळली, पण सरासरीने भागत का नाही, ते काही डोक्यात शिरेना. तेव्हा घड्याळजी भिंगाआडूनच म्हणाले, "घड्याळ एक दिवस दहा मिनिटं पुढे गेलं आणि एक दिवस दहा मिनिटं मागे पडलं, तर सरासरीने बरोबर. पण गिऱ्हाईक ते घेऊन जात नाही." त्या पेपरात वहिनी वर्गात दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलीने नंतर तिच्याकडे शिकवणी मागितली.

दुसऱ्या वर्षी मात्र कसोटीच आली. चालू धंदा निवडायचा, सहा आठवड्यांत त्यात सुधारणा करायची आणि पुराव्यासह अहवाल द्यायचा. प्रकल्प जमला नाही तर पदवी नाही. तो तपासणार होते मोजणी सर. हे मुलांनी ठेवलेलं नाव, कारण "मोजता येतं तेवढंच खरं" हे वाक्य ते हजेरीआधी म्हणायचे. जो माल नुसता पडून राहतो तो वाया जाणारा वेळ, हीही त्यांचीच शिकवण. वहिनीने धंदा निवडला तो घराखालचा. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुकान बोळासारखं. एका बाजूला मेज आणि सुट्या भागांचे चाळीस डबे. समोरची अख्खी भिंत खिळ्यांची, खिळ्यांवर दुरुस्त झालेली वीसेक घड्याळं आणि त्यांच्याखाली लाकडी बाक. वहिनी आठवडाभर वही आणि दुकानाच्या जुन्या पावत्या घेऊन बसली. प्रत्येक घड्याळ दुकानात अकरा दिवस राहत होतं, त्यातले आठ भिंतीवर.

"अहो, झालेलं घड्याळ भिंतीवर कशाला?"

"बघायला."

"काय बघायला?"

"कसं चालतंय ते."

"पण चालतंय की."

"आज चालतंय," घड्याळजी म्हणाले. मग तिच्या वहीकडे बघून त्यांनीच माघार घेतली. "तुझी परीक्षा आहे. कर तुला हवं ते."

वहिनीने भिंत रिकामी केली. झालं घड्याळ की निरोप, आला माणूस की घड्याळ हातात. तीन आठवड्यांत अकरावरून तीन दिवस. आलेख असा उतरला, की घसरगुंडी बरी. मोजणी सरांनी तो बघून चक्क मान हलवली. "आत्ताच लिहून टाका अहवाल," म्हणाले.

चौथ्या आठवड्यात निवृत्त पोस्टमनकाका बगलेत घड्याळ मारून हजर झाले. तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या तोंडावर इतका आनंद कोणी बघितला नसेल. "सहाव्या दिवसापासून मागे पडतंय," ते म्हणाले आणि थेट बाकावर बसले. "तुम्ही इतक्या लवकर दिलंत, की मला रोज पाचला इथे यायला कारणच उरलं नव्हतं." त्यांच्या मागोमाग औषधवाला आला, मग शाळेतल्या बाई. शनिवारपर्यंत पाच घड्याळं परत.

वहिनी मेजासमोर उभी राहिली. "हे काय झालं?"

"आठवड्याच्या चावीची घड्याळं ही. चावी दिल्यावर पहिले चार दिवस कुठलंही शहाण्यासारखं चालतं. स्प्रिंग ढिली पडायला लागली, की खरा स्वभाव कळतो."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगितलं की. कसं चालतंय ते बघायला."

"एवढ्यावरून माणसाला कळतं?"

"लग्नाचंही तसंच असतं," घड्याळजी म्हणाले. "पहिले चार दिवस कोणीही बरं चालतं."

"तुम्ही कितव्या दिवशी मागे पडलात?"

"मी पहिल्यापासूनच. म्हणून तर तुला कळलं नाही."

पोस्टमनकाका बाकावर इतके हसले, की त्यांना पाणी द्यावं लागलं.

हसणं झालं, पण अहवालाला पंधरा दिवस उरले होते. वहिनीच्या मुलीने फोनवर सल्ला दिला, "आई, पहिल्या तीन आठवड्यांचाच आलेख दे. कोण बघायला येतंय?" खरंच कोणी येणार नव्हतं. वहिनीने तो देखणा आलेख दोन दिवस दप्तरात वागवला. तिसऱ्या दिवशी तो बाहेर काढला, त्याच्या पाठीवर पाच परत आलेल्या घड्याळांची यादी केली आणि हातोडी मागितली. निम्मे खिळे ढिले झाले होते.

घड्याळं पुन्हा भिंतीवर चढली. मग तिने खरा वेळ कुठे जातो ते शोधलं. तो जात होता चाळीस डब्यांत. एका स्क्रूसाठी घड्याळजी सतरा डबे उघडत आणि अठराव्यात दुसरंच काही सापडलं, की त्यातच रमत. वहिनीने डबे लावले, वर नावं चिकटवली. भिंतीवरच्या प्रत्येक घड्याळाला आठ चौकटींची चिठ्ठी बांधली. रोज किती मिनिटं पुढे, किती मागे, ते मालकाने स्वतः येऊन लिहायचं. लोकांना तेवढंच हवं होतं. बाक पुरेना. औषधवाला घरून स्टूल घेऊन आला. अकराचे झाले साडेनऊ दिवस, आणि परत आलेली घड्याळं शून्य.

तोंडी परीक्षेला मोजणी सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवले. "पहिला इतका छान होता. हा दुसरा कशाला दाखवताय?"

"पहिल्यात परत आलेली घड्याळं मोजलेली नाहीत, सर."

"दोन वर्षांत शिकलात तरी काय मग?"

"मोजायला शिकले," वहिनी म्हणाली. "माणसांना विचारायला, चार लोकांसमोर उभं राहून बोलायला, चुकलं तर आलेखासकट सांगायला. एक तेवढं दुकानात शिकले. जो माणूस कमी बोलतो, त्याला तोच प्रश्न दोनदा विचारावा."

सरांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझ्या भिंतीवरचं एक घड्याळ आहे. रविवारी चावी देतो, गुरुवारनंतर मागे पडतं. तीन ठिकाणी दुरुस्त करून झालं."

"किती दिवसांत दिलं त्यांनी?"

"तिन्ही ठिकाणी एका दिवसात," सर म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

वहिनी पास झाली, तीही चांगल्या श्रेणीत. चौकट करून आणलेलं पदवीपत्र तिने घड्याळजींच्या हातात दिलं. त्यांनी ते भिंगातून वाचलं, अगदी खालच्या सहीपर्यंत. मग उठले आणि समोरच्या भिंतीवर रिकाम्या खिळ्याला टांगलं, मोजणी सरांच्या घड्याळाशेजारी. वर आठ चौकटींची चिठ्ठीही बांधली. पोस्टमनकाकांनी पहिल्या चौकटीत लिहिलं, "बरोबर." दुसऱ्या दिवशीच्या चौकटीसाठी ते आणि मोजणी सर एका पेनावरून भांडले. नणंदबाई मुद्दाम येऊन तिसरी भरून गेल्या.

चौथ्या दिवशी वहिनी पदवीपत्र घरी न्यायला खाली आली. दिवाणखान्यात जागा करून ठेवली होती तिने.

"आठ दिवसांआधी मिळणार नाही," घड्याळजी म्हणाले.

"माझी पदवी आहे ती."

"घड्याळंही लोकांचीच असतात," ते म्हणाले आणि बाकावर तिच्यासाठी जागा करायला पोस्टमनकाकांना सरकवलं.