जगनची दोन बोटं

पळस्प्याच्या नाक्यावर जगनचं गॅरेज आहे, पण लोक तिथे गॅरेज बघून येत नसत, बोटं बघून येत. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. इंजिन ऑइलचा थेंब या दोघांत धरून जगन चोळायचा, बोटं हळूच लांब करायचा, मध्ये तार धरते का ते डोळे बारीक करून बघायचा आणि निकाल द्यायचा. दाट आणि चिकट असलं तर माल चांगला, ओघळून गेलं तर परत पाठवा. तीस वर्षांत त्या निकालावर कुणी अपील केलं नव्हतं. गोव्याला निघालेले ट्रकवालेसुद्धा डबा आधी त्याच्यापुढे धरायचे, आणि खोटं कशाला बोला, अशा वेळी जगन जरा छाती काढूनच उभा राहायचा.

त्याच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता तो रूपेशचा. रूपेश आपटा गावाजवळच्या कातकरी वाडीतला. सात हंगाम तो आणि त्याची बायको ललिता वीटभट्टीवर राबली, तेव्हा कुठे एक जुना छोटा टेम्पो दारात आला. वाडीतली ती पहिली गाडी. रानभाज्या, करवंदं, शेवग्याच्या शेंगा घेऊन रूपेश पनवेलच्या बाजारात जायचा. ‘रोज सकाळी ऑइलची पट्टी ओढून बघायची आणि रेडिएटरचं पाणी बघायचं,’ असं जगननं त्याला एकदा सांगितलं होतं. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला जगन हे सांगायचा आणि कुणीही ऐकायचं नाही. रूपेशनं ऐकलं.

मागच्या वर्षी कल्पेश नावाच्या दलालानं निळ्या पिंपातलं सुटं ऑइल आणून दिलं. जगननं थेंब चोळला, बोटं लांब केली. तार तुटता तुटेना. "एक नंबर माल हाय," तो म्हणाला. पिंप आत आलं आणि त्यातलं पहिलं ऑइल रूपेशच्या टेम्पोत पडलं. आपल्या माणसाला चांगलं द्यावं, इतकाच त्यात हेतू होता.

पाचव्या आठवड्यात कर्नाळ्याच्या चढावर इंजिन जाम झालं. टेम्पो ओढून नाक्यावर आणला. जगननं ऑइल काढलं तर ते पाण्यासारखं पातळ. हेड खोललं तर गाडी तापली की आधी जळतं ते गॅस्केट शाबूत, इंजिन तापल्याची कुठे खूण नाही. हे त्यानं पाहिलं. नीट पाहिलं. पण भोवती दहा-बारा माणसं जमली होती, पाठीशी ते निळं पिंप उभं होतं आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"पाणी बघितलं नाय यानं," जगन म्हणाला. "गाडी तापवली, ऑइलची वाट लावली."

"दादा, मी रोज बघतो."

"मग इंजिन काय आपोआप जाम झालं?"

माणसं हसली. ‘यांच्या हातात गाडी दिली की असंच व्हायचं,’ असं कुणीतरी मागून बोललं. यांच्या म्हणजे कातकऱ्यांच्या, ते सगळ्यांना कळलं, रूपेशलाही. त्यावर जगन काहीच बोलला नाही. त्याला गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पो भंगारात गेला आणि दिवाळीनंतर रूपेश-ललिता परत भट्टीवर गेली.

दोन महिन्यांनी तसंच दुसरं इंजिन जाम झालं. ते खुद्द जगनच्या पिकअपचं, आणि तिच्यातही त्याच पिंपातलं ऑइल होतं. तिचं पाणी रोज जगन स्वतः बघायचा, त्यामुळे आता दोष द्यायला माणूस उरला नाही. त्यानं पिंपातलं आणि पिकअपमधून काढलेलं अशा दोन बाटल्या भरल्या आणि अरुंधतीताईंकडे दिल्या. त्या तळोज्याला एका ऑइल कंपनीच्या लॅबमध्ये होत्या आणि त्यांची स्कूटर जगनकडेच यायची.

आठवड्यानं त्या आल्या. "जगनभाऊ, नव्या ऑइलची व्हिस्कॉसिटी बरोबर आहे. दाटपणा जेवढा हवा तेवढाच. पण बेस ऑइल, म्हणजे मूळचं तेल, अगदीच हलकं आहे. वापरलेलं तेल कसंबसं गाळून घेतलेलं असणार. त्यात पॉलिमर घालून ते दाट केलंय. पातळ आमटीला पीठ लावतो ना, तसं. दिसते दाट, पण डाळ तेवढीच."

"आणि इंजिनात?"

"इंजिनात ते पॉलिमर चिरडून तुटतं. महिन्याभरात दाटपणा गेला की मूळचं पातळ तेल उरतं. गरम झाल्यावर ते बेअरिंगवर टिकत नाही."

"पण माझ्या बोटाला तर..."

"बोटाला दाटपणा कळतो, तोही थंड असताना. मूळ तेल कसलं आहे ते बोटाला कसं कळणार? तुम्ही पातळ म्हणून परत पाठवता ना, त्यातली काही ऑइलं याच्यापेक्षा किती तरी चांगली असतात."

त्या सहज बोलल्या आणि स्कूटर घेऊन गेल्या. जगन बाकड्यावर बसला. तीस वर्षांचे निकाल फुकट गेले याचं त्याला वाईट वाटलं, पण ते फार वेळ नाही. मग रूपेशच्या इंजिनातलं ते शाबूत गॅस्केट आठवलं आणि तो उठला.

पिंप त्यानं कल्पेशच्या दारात नेऊन टाकलं आणि तसाच भट्टीवर गेला. पाताळगंगेच्या काठी रूपेश पोटरीपर्यंत चिखलात उभा राहून माती तुडवत होता. ललिता साच्यातून विटा काढत होती. जगन चपला काढून चिखलाच्या कडेला उभा राहिला.

"रूपेश, तुझं इंजिन माझ्यामुळं गेलं. ते ऑइलच खराब व्हतं. तू काय नाय केलंस."

ललितानं साचा खाली ठेवला. "मी ह्यांना तेच सांगून थकले. रोज सकाळी पट्टी पुसायला फडकं मीच द्यायची."

रूपेशचे पाय थांबले नाहीत. "नाय दादा. त्या दिवशी घाई व्हती. पाणी बघायचं राह्यलं."

"नाय राह्यलं! गॅस्केट शाबूत व्हतं. मी डोळ्यांनी बघितलं."

"कवा बघितलं?" ललितानं विचारलं.

जगन खाली बघत म्हणाला, "त्याच दिवशी."

रूपेश समजूत काढल्यासारखा बोलला. "मला बरं वाटावं म्हणून बोलता, दादा. तुमचं बोट कवा चुकलंय? मी रोज रात्री तो दिवस आठवतो. आता मला सगळं दिसतं. मी पट्टी बघितली, पाणी नाय बघितलं. माझंच चुकलं."

"अरे, तू बघितलं व्हतंस!" जगन ओरडला. शेजारच्या भट्टीवरची माणसं वळून बघू लागली. रूपेश नुसता हसला आणि ओली माती पायांनी पुढे ओढून पुन्हा तुडवायला लागला.

"नाक्यावर एकदाच बोल्लात तुमी," ललिता म्हणाली. "आता काढा ते ह्यांच्या डोक्यातून."