वहिनीच्या डाव्या कुशीतलं दुखणं

माझी वहिनी एकोणीस वर्षं एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करते. छापून आलेल्या कागदांच्या घड्या घालायच्या, ते फर्मे क्रमाने लावायचे, दाभणाने भोकं पाडून शिवायचे, खळ लावून वर पुठ्ठा चढवायचा. हात असा झरझर चालतो की बघत राहावं. बोलणं मात्र मोजकं. आमच्या घरात एकजात सगळे तोंडाळ, त्यात ही एकटी शांत. आमचं चांगलंच फावलं.

फावलं म्हणते, कारण तिच्या दुखण्यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. तिच्या डाव्या कुशीत दुखायचं. रोज नाही, नेमके घरी पाहुणे आले की. बैठकीत गप्पा रंगलेल्या, चहाच्या फेऱ्या चाललेल्या, आणि ही कुशीला हात लावून आतल्या खोलीत आडवी. "आलं बघा वहिनीचं पाहुणेदुखणं!" हा विनोद माझा. मी तो इतक्यांदा केला की सगळ्या गोतावळ्यात तो शब्द रुळला. दादा, म्हणजे माझा भाऊ, तोही हसायचा. एकदा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या, तेवढंच. पुढे पुढे तिने दुखतंय म्हणणंच सोडून दिलं.

गेल्या वर्षी एका सकाळी छापखान्यात कागदाची रिमं लादलेली ढकलगाडी वळत होती. ढकलणाऱ्याला रिमांच्या ढिगामागून ती दिसली नाही, आणि गाडीचा कोपरा तिच्या कुशीत बसला. फार जोरात नाही. ती वाकली, "काही नाही, काही नाही" म्हणाली आणि पुन्हा शिवायला बसली. तासाभराने लघवीला गेली तर लालभडक रक्त. दादा कामावर असताना फोन उचलत नाही, म्हणून तिने मला लावला.

"वन्सं, जरा येता का? घाबरू नका हं."

म्हणजे रक्त तिचं जातंय, आणि धीर मला देतेय!

इस्पितळात सर्जन बाई होत्या. उंच, केस आखूड कापलेले, एकेक प्रश्न सावकाश विचारणाऱ्या. धक्का कसा लागला ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं. "एवढ्याशा धक्क्याने एवढं रक्त जायला नको," त्या म्हणाल्या आणि तिला लगेच सीटी स्कॅनला पाठवलं. तोवर दादा आणि आई येऊन पोचले. दादाचा चेहरा पांढराफटक.

स्कॅन पाहून बाई परत आल्या त्या थेट वहिनीच्या खाटेपाशी. "यापूर्वी कधी या बाजूला दुखायचं का?"

"छे," वहिनी म्हणाली. "तसं काही नाही."

मी दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. शेवटी मीच बोलले. "दुखायचं, डॉक्टर. कितीतरी वर्षं. आम्ही चेष्टा करायचो तिची."

"कधी दुखायचं?"

"पाहुणे आले की." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई हसल्या नाहीत. "पाहुणे आले की चहा किती होतो?"

"पाच-सहा कप सहज," आई म्हणाली. "शिवाय सरबत."

"मग बरोबर आहे." त्यांनी कागदावर मूत्रपिंड काढून दाखवलं. लघवी जिथून खाली नळीत उतरते, ते तोंड वहिनीचं जन्मापासूनच अरुंद. पोटात पाणी जास्त गेलं की लघवी जास्त तयार व्हायची, ती वेळेत खाली उतरायची नाही, आणि मूत्रपिंड तट्ट फुगायचं. तेच दुखायचं. फुगून फुगून ते इतकं पातळ झालं होतं की साध्या धक्क्याने चिरलं. दुसरं मूत्रपिंड मात्र ठणठणीत होतं.

वहिनी छताकडे बघत ऐकत होती. "म्हणजे मला खरंच दुखत होतं?"

"खरंच दुखत होतं."

"चला, सुटले बाई," ती म्हणाली आणि डोळे मिटले. लघवीच्या पिशवीत अजून लालच उतरत होतं, आणि ही सुटली!

आईला मात्र 'जन्मापासून' या शब्दाने धीर आला. "म्हणजे आमच्याकडे आल्यावर नाही ना झालं? माहेरूनच आणलंय म्हणायचं."

"आणलं खरं," वहिनी डोळे मिटूनच म्हणाली, "पण तुम्ही कुणी उघडून पाहिलं नाहीत."

लग्न होऊन आल्यापासून ती आईला उलट बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. आई पदर तोंडाला लावून हसत सुटली, आणि हसता हसता रडली.

पुढचे चार दिवस वाईट गेले. रक्त थांबलं नाही तर मूत्रपिंड काढावं लागेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तिला हलायची बंदी. दर काही तासांनी रक्त तपासायचे. दादा खाटेशेजारी स्टुलावर बसून राहिला आणि दर दहा मिनिटांनी विचारत राहिला, "दुखतंय का?" तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "दुखलं तर सांगेन की! आता सांगायला काय हरकत आहे?" चौथ्या दिवशी पिशवीतला लाल रंग फिका झाला, पाचव्या दिवशी पिवळा. त्या पिवळ्या रंगाकडे आम्ही सगळे असे बघत होतो, की दुसऱ्या कुणी पाहिलं असतं तर वेड्यातच काढलं असतं.

जखम भरायला दोन महिने दिले. मग ऑपरेशन झालं. अरुंद तुकडा कापून काढला, नळी नव्याने जोडली. मूत्रपिंड वाचलं. मध्येच तिच्या मुलीचीही सोनोग्राफी करून घेतली, कारण दादाची झोप उडाली होती. तिचं सगळं नीट निघालं.

ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तपासणी होती. मी सोबत गेले. बाईंनी पडद्यावर दाखवलं, लघवी अडून न राहता सरळ खाली उतरत होती. "आता सहा महिन्यांनी या," त्या म्हणाल्या. "आणि जड काही उचलू नका, बाकी सगळं करा."

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्या बसल्या वहिनीला माझ्या खांद्यावर झोप लागली. मी माफी मागायचं मनात जुळवत होते, ते तसंच राहिलं. आमचा थांबा आला. तिला उठवावंसं वाटेना. बस पुढे गेली, आणखी पुढे गेली. मी तशीच बसून राहिले.