ठकी नावाची शाई

शाळेत शिपायाला कोणी नावानं हाक मारत नाही. तो सगळ्यांचा मामा असतो. जव्हारच्या एका आश्रमशाळेत तीस वर्षं घंटा वाजवून ढवळू निवृत्त झाले, तरी मामा ते मामाच राहिले. त्यांचं मूळ गाव खोडाळ्याकडचा एक पाडा. जन्मले तेव्हा रंगानं उजळ, म्हणून आजीनं नाव ठेवलं ढवळू. पुढं उन्हानं ते नाव खोटं पाडलं, पण नावानं दुसऱ्या वाटेनं आपलं खरं केलं. शाळेचे जुने हेडमास्तर बॉलपेनला शिवायचे नाहीत. त्यांच्यासाठी शाई करायचं काम मामांकडं होतं. भांडं पुढ्यात आलं की हेडमास्तर म्हणायचे, "ढवळू, ढवळ रे!" आणि ओसरीवरची पोरं खिदळायची. मामाही खिदळायचे. रोजचाच विनोद होता, पण शिळा झाला नाही.

निवृत्तीनंतर हात रिकामे राहिले, तेव्हा मामांनी घरीच शाई करायला घेतली. रानातला हिरडा कुटायचा, रात्रभर भिजवायचा, उकळायचा, काळेपणा आणणारा हिराकस घालायचा, थोडा डिंक, बुरशी येऊ नये म्हणून चार लवंगा. ही शाई लिहिताना फिकी दिसते आणि दुसऱ्या दिवशी काळीभोर होते. एस.टी. स्टँडजवळच्या हेमंत स्टेशनरीवाल्यानं तिचा फोटो फोनवरून कुठं कुठं पाठवला आणि मागण्या सुरू झाल्या. शहरात म्हणे पेनांचे शौकीन असतात. एकेकाकडं चाळीस चाळीस पेनं आणि लिहायला काही नाही. मग बिचारे रंग शोधत बसतात. कोणी वाळलेलं पान पाठवायचा, कोणी भिंतीचा फोटो, आणि म्हणायचा, मला हाच रंग हवा. पुण्याच्या एका प्राध्यापकाला पहाटेच्या धुक्याचा रंग हवा होता. मामा म्हणाले, "धुक्याला रंग आसता तर त्यातून वाट कशी दिसली आसती?" पण करून दिला. प्राध्यापक खूष.

खरी गंमत नावांची. हेमंतनं पहिल्या निळ्या शाईला हौसेनं 'मेघमल्हार' नाव दिलं. आठवड्यात तक्रार आली, शाई तळाला बसते, पेन अडतं. मामांनी बाटली उजेडाला धरली, हलवली आणि निदान केलं, "नाव मानवलं नाय तिला." पोर सारखं रडत असलं की पाड्यावर त्याचं नाव बदलतात, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. शाईचा जन्म शुक्रवारचा निघाला, म्हणून तिचं नाव झालं सुकऱ्या. सुकऱ्या सुरेख चालायला लागला. नाव बदलायच्या आधी मामांनी ती दुहेरी फडक्यातून गाळली होती आणि डिंकही कमी केला होता, पण त्याचं श्रेय घ्यायला ते तयार नव्हते. तेव्हापासून तोच नेम ठरला. मंगळवारी झाला तो मंगळू, शिमग्याच्या दिवसांत केलेली लालभडक ती फागी. शौकीन मंडळी या नावांचे खोल खोल अर्थ लावायची. सुकऱ्यातल्या निळाईत एकाकीपणा आहे, असं एकानं लिहिलं. मामा म्हणाले, "आसंल. शुक्रवारी मी एकटाच व्हतो घरात."

ही सगळी पत्रापत्री सून हर्षदा सांभाळायची. ती बी.ए. झालेली, बोलायला चटपटीत. मुलगा रोहिदास ठाण्याला कंपनीत, पंधरा दिवसांनी यायचा. मामांची बायको दोन वर्षांपूर्वी वारली. तिचं नाव ठकी. हर्षदाला मुलगी झाली, त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच मामांनी मनाशी ठरवून टाकलं की आपली ठकी परत आली. जगाच्या शायांना नावं दिली, आता घरचं एक नाव द्यायचं. दुसरं काही मागणं नव्हतं त्यांचं.

हर्षदाच्या मनात दिविजा होतं. ती म्हणाली, "बाबा, ठकी म्हणजे ठकवणारी, असं म्हणतील शाळेत. आपण नाव ठेवायचं एक आणि साऱ्या वर्गानं तिला नावं ठेवायची. तुम्ही तीस वर्षं शाळेत होता, पोरं कशी असतात ते मी सांगू का?"

मामांना ते पटत होतं, म्हणून जास्त झोंबलं. त्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं. शेवटी हर्षदा वैतागून म्हणाली, "एवढंच असेल तर बाटलीला ठेवा ते नाव!" बोलून गेली आणि जीभ चावली. पण मामा उठले आणि खरंच कामाला लागले.

ठकी दिवसातून पाच वेळा कोरा चहा करायची, गवती चहाची पात टाकून. काचेच्या ग्लासात ओतला की पलीकडची बोटं दिसली पाहिजेत, असा तिचा कायदा. तो रंग मामांना हवा होता. काताचं पाणी जास्त झालं की चहा गढूळ व्हायचा, कमी झालं की आजाऱ्याचा वाटायचा. अकरा वेळा ओतून दिला, बाराव्यांदा जमला. बाटलीवर हर्षदानं आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, ठकी.

ती शाई इतकी खपली की सुकऱ्या आणि मंगळू कोपऱ्यात पडले. बारसं लांबत चाललं होतं, जन्माच्या दाखल्यावर नावाची जागा कोरीच होती. घरात पोरीला सगळे नुसतं बाय म्हणायचे. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन हर्षदा आलेले निरोप मोठ्यानं वाचून दाखवायची.

"ठकी देखणी आहे, पण सुकायला फार वेळ लावते."

"लावायचीच," मामा म्हणायचे. "रुसली का दोन दोन दिस तशीच ऱ्हायची."

"ठकी साध्या कागदावर पसरते."

"कुणाच्या घरात शिरली का दुपारपर्यंत पसरायची ती. जेवूनच उठायची."

"शर्टावरचा ठकीचा डाग तीनदा धुतला, गेला नाही."

यावर मामा नुसतेच हसले आणि बाटल्या पुसत बसले. दोन वर्षांत या घरात ठकीचं नाव कोणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. आता रोज संध्याकाळी तिच्याबद्दल तक्रारी यायच्या, आणि त्या ऐकायला मामा चहा टाकून तयार असायचे. हर्षदालाही सासू वर्षभरच मिळाली होती. तिला या गप्पांतून ती नव्यानं कळत होती. दिविजाचा तिचा हट्ट हळूहळू ढिला पडत चालला होता, हे मामांनी ओळखलं होतं. आणखी आठ दिवस कळ काढली की काम फत्ते, असा त्यांचा अंदाज होता.

मग नाशिकच्या एका बाईंचा निरोप आला. त्या रोज चार पानं लिहायच्या. हर्षदानं नेहमीच्या सुरात वाचायला घेतलं, "मामा, काल रात्री ठकी संपली. दुसरी पाठवा."

वाचून झाल्यावर तिलाच ते ऐकू आलं. तिनं फोन उपडा ठेवला. मामांच्या हातात फडकं तसंच राहिलं. ठकी गेली तीही रात्रीच. रोहिदासला फोन करून सांगताना मामांच्या तोंडून 'ठकी संपली' हेच दोन शब्द निघाले होते.

तीन दिवस मामांनी भांड्याला हात लावला नाही. हेमंत विचारायला आला, त्याला अंगात कणकण आहे म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी सकाळी हर्षदा पोरीला तेल लावत होती. मामा समोर येऊन बसले.

"पोरी, तुझं ते नाव घाल हिला. दिवजा."

"दिविजा, बाबा. पण मी काय म्हणत होते, ठकी ठेवू या. खरंच. मला आता आवडतं ते."

"नको." मामांनी पोरीचा तेलकट पाय हातात धरला. "ही उद्या शाळेत जाईल. मी दारात विचारीन, बाय कुठंय, तर कोणी सांगंल, ठकी गेली. तापानं पडली तर म्हणतील, ठकीचं काय खरं नाय. दर खेपेला माझ्या काळजात धस्स व्हायचं. पोरीनं आपल्या पायानं कुठंबी जावं, तिच्या जाण्याला मी का घाबरू? आन् मी तिच्यात दुसरी ठकी बघत बसलो, तर हिला कोण बघंल?"

हर्षदानं पदरानं डोळे टिपले आणि पोरीला उचलून त्यांच्या मांडीवर दिलं. मामांनी तिला दोनदा दिवजा म्हणून हाक मारली. तिसऱ्यांदाही दिवजाच झालं. हर्षदानं दुरुस्त करायचं सोडून दिलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "नाशिकच्या बाई थांबल्यात बाबा. त्यांना काय कळवू? ठकी बंद केली म्हणून लिहू का?"

मामांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लिही," ते म्हणाले, "ठकी नाय संपली. शाई संपली. शाई पाठवतो."