गुकबाईंचं तिसरं प्रकरण

दक्षिण कोरियातल्या ग्वांगजूच्या आमच्या विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना मिळून एकच खोली आहे, आणि तिथे माणसांपेक्षा खुर्च्या कमी. खिडकीजवळची खुर्ची गुक मी-रानची. ती तिला कुणी दिली नव्हती, तिनं घेतली होती. पन्नाशीची ठेंगणी बाई, आवाज मात्र बांधावरून हाक मारल्यासारखा. दोन दिवस आमच्याकडे शिकवायची, एक दिवस सुंचनला, एक दिवस मोक्पोला. जेवण गाडीतच, एका हातानं किंबाप, म्हणजे भाताच्या गुंडाळ्या, खात. उरलेल्या वेळात दाम्यांगच्या खेड्यांमधून म्हाताऱ्यांच्या मागे लागून भातखाचरातली निंदणीची गाणी गोळा करायची. तिची आईही तीच गाणी म्हणत निंदायची. या गाण्यांवर मी-रान पुस्तक लिहीत होती. तासिकावाल्याचं पुस्तक सुट्टीत जरा बाळसं धरतं आणि सत्र सुरू झालं की उपाशी पडतं, तसं तिचंही वर्षानुवर्षं चाललं होतं.

विद्यापीठाला मध्येच काय बुद्धी झाली कोण जाणे. भाषा, इतिहास असल्या निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या विषयांतल्या लोकांसाठी ग्रंथलेखन निधी निघाला. वर्षभर शिकवायचं नाही, मानधन चालू, फक्त पुस्तक पुरं करायचं. छपाईचा खर्चही विद्यापीठाचा. अट अशी, की त्याआधी एका जाणत्या परीक्षकानं कच्चं पुस्तक अख्खं वाचावं, भर सभेत त्यावर बोलावं आणि शेवटी ‘छापावे’ किंवा ‘छापू नये’ असा शेरा द्यावा; ‘छापू नये’ आलं तर निधी रद्द. पक्क्या नोकरीवाल्यांना डावलून समितीनं मी-रानला निवडलं. त्या दिवशी आमच्या खोलीत आम्ही दुपारीच तांदळाची दारू फोडली.

आठवड्याभरात विभागप्रमुख मिन ग्यंग-सू यांनी तिला बोलावलं. “एकटी गेले तर भांडेन, तू चल,” म्हणून तिनं मलाही ओढत नेलं.

“अभिनंदन, गुकबाई. पुस्तक छान आहे,” मिन म्हणाले. “फक्त ते तिसरं प्रकरण वगळा.”

त्यांना काय डाचत होतं ते मला ठाऊक होतं. यांग सांग-दू सर हे मिन आणि मी-रान दोघांचेही गुरू. सरांनी उभा जन्म एक गोष्ट सांगितली: ही गाणी नामांकित गवयांनी रचली आणि त्यांच्याकडून झिरपत खाचरातल्या बायकांपर्यंत पोचली. मी-रानचं तिसरं प्रकरण म्हणत होतं, साफ उलटं आहे. गवईच बायकांकडून शिकले.

“सरांची ब्याऐंशी उलटली,” मिन म्हणाले.

“बरं मग?”

“मग थोडं थांबा की. सर गेल्यावर छापा. सगळे तेच करतात.”

“म्हणजे मी त्यांच्या मरणाची वाट बघत बसू? तुम्ही बघताय का, मिन सर?”

“जिभेला हाड आहे की नाही? परीक्षक कोण आणायचा ते मी ठरवीन.”

“नियम वाचा. नाव मी सुचवायचंय. घ्या लिहून: यांग सांग-दू.”

बाहेर आल्यावर मीच तिच्यावर उखडले. “अगं, आपल्या हातानं पायावर धोंडा मारून घेतेस! दुसरा कुणी चार स्वल्पविराम दुरुस्त करून गेला असता. सरांनी ‘छापू नये’ लिहिलं तर?”

“तर माझ्या तोंडावर लिहावं. मेलेल्या माणसाला हरवण्यात कसला आलाय पराक्रम?”

मिन यांनी डाव साधलाच. पुढल्या वर्षीच्या तिच्या तासिका आधीच दुसऱ्याला देऊन टाकल्या. निधी गेला असता तर बाई रस्त्यावर आली असती. काल दारू प्यायला बसलेले लोक आज तिला जिन्यात बघून फोन कानाला लावू लागले. मला त्यांची किळस आली.

सभेच्या दिवशी सर काठी टेकत आले. समोरच्या दोन रांगा त्यांच्या शिष्यांनी भरलेल्या. कच्च्या पुस्तकात त्यांनी लाल कागदांच्या इतक्या पट्ट्या घातल्या होत्या, की ते नीट मिटत नव्हतं. पहिली दोन प्रकरणं त्यांनी ठीक म्हणून सोडली आणि तिसऱ्याची सालं काढली. “पोरखेळ आहे हा! म्हाताऱ्या सांगतात म्हणून तो इतिहास? पुरावा कुठाय?”

अशा वेळी आमच्याकडे लेखकानं काय म्हणायचं ते ठरलेलं असतं: मौल्यवान सूचनांबद्दल आभार, योग्य त्या दुरुस्त्या करीन. मग टाळ्या, मग जेवण. मिन यांनी हॉटेलात डुकराच्या मांसाचं टेबल सांगूनही ठेवलं होतं.

मी-रान उठली. “आभारी आहे, सर. दुरुस्ती करणार नाही.”

कुणीतरी खोकलं.

“मग पुरावा दे,” सर म्हणाले.

तिनं कोट काढून खुर्चीवर टाकला, पुढे येऊन कमरेत वाकली आणि निंदणीचं गाणं म्हणू लागली. म्हणता म्हणता हात जमिनीकडे जायचा, तण उपटायचा, आणि नेमका तिथेच श्वास अडायचा. मग ती ताठ उभी राहिली, एका कागदाचा गवई हातात धरतात तसा पंखा केला आणि तीच ओळ गवई म्हणतात तशी म्हटली. श्वास त्याच जागी अडला.

“बाई इथं थांबते, कारण इथं तिला जोर लावायचाय,” ती म्हणाली. “गवयाच्या हातात पंखा, सर. पंख्याला कसला आलाय जोर? तो इथं का थांबतो?”

“पुन्हा म्हण.”

तिनं पुन्हा म्हटलं. सर टेबलावर बोटांनी ताल धरत होते. त्या जागेवर आल्यावर बोटं थांबली.

मिन लगबगीनं उठले. “मनावर घेऊ नका, सर. इतकी वर्षं आम्ही तुमचं पुस्तक शिकवतोय. आम्हाला त्यात एकही चूक सापडली नाही.”

“एकही?”

“एकही नाही, सर.”

“म्हणजे तुमच्यापैकी कुणी ते वाचलंच नाही.”

समोरच्या दोन्ही रांगा खाली बघू लागल्या. सरांनी शेऱ्याचा कागद ओढला, ‘सहमत नाही. छापावे.’ एवढंच लिहिलं आणि सहीच्या जागी खिशातला नावाचा शिक्का काढून उमटवला. मग मी-रानकडे वळून खेकसले, “एका गाण्यावर माझं जन्मभराचं काम पाडायला निघालीस? दहा आण. हरवायचंच असेल तर नीट हरव. आणि आटप लवकर, मला उत्तर लिहायचंय.”

“हरवीन, सर,” ती म्हणाली. सगळ्यांसमोर गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून तिनं त्यांना नमस्कार केला, आणि उठली ती थेट कोट घेऊन दाराकडे निघाली.

“अगं, जेवण?” मी मागून धावले. “कुठं निघालीस?”

“दाम्यांगला. दहा गाणी म्हणजे निदान पाच-सहा म्हाताऱ्या गाठायला हव्यात,” गाडीचं दार उघडत ती म्हणाली. “आणि त्याही सरांच्याच वयाच्या आहेत.”