आईचा भात

दादाकडे अबू धाबीला राहायला गेलो होतो, तेव्हा एका दुपारी त्याच्या दोन मुलांना घेऊन आई आणि मी दुबई मरीनाला गेलो. मुलांच्या हट्टामुळे एका स्पॅनिश रेस्टॉरंटमध्ये शिरलो. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, म्हणून आईने मेन्यूकार्ड माझ्याकडे सरकवलं. छोट्या छोट्या बशा आल्या: बटाटे, ऑलिव्ह, कोलंबी.

"एवढंसंच?" आईने विचारलं.

"हे चाखायला असेल. जेवण मागून येईल," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं, पण वेटरला विचारायची लाज वाटली.

"मग खा रे तुम्ही. मी भाताबरोबर जेवेन," असं म्हणत आईने बशा मुलांपुढे केल्या.

त्यांनी सगळं फस्त केलं.

"यल्ला, चल ना आत्या, डेझर्ट!" धाकटी म्हणाली.

"आणि भात?" मी हळूच विचारलं.

"नो राइस, आत्या. दॅट वॉज लंच!" मोठा हसला.

आईला इंग्रजी कळत नाही. सकाळपासून ती नुसत्या चहावर होती. माझं चुकलं, एवढं म्हणून आणखी मागवता आलं असतं.

"भात संपलाय म्हणे," मी म्हणाले.

"असू दे गं," म्हणत ती पाणी प्यायली.

लेकीने परदेशात जेवू घातलं, असं ती अजूनही सगळ्यांना सांगते. तेव्हा मी तिथून उठून जाते.