बाजारातला जनरल

आमची कंपनी शांतिसेनेत होती, आफ्रिकेतल्या एका देशात. तिथं लष्करशहाची सत्ता होती. मी पोलादपूरचा, हवालदार. माझ्या सेक्शनमधला नाईक विलास महाडजवळच्या नाते गावचा. सकाळी गाड्यांची तपासणी आणि दुपारी बाजारात गस्त, हे रोजचं काम.

त्या शनिवारी ठीक चारला आम्ही बाजारात पोचलो. चौकात नाटक चालू होतं. मरियम नावाची शाळेतली बाई मोठी टोपी आणि ढगळ विजार घालून, छातीवर बाटल्यांची बुचं लावून जनरल झाली होती. दर हुकमाला विजार घसरायची आणि माणसं पोट धरून हसायची. जनरलबद्दल कुणी ब्र काढला तर तिथं माणूस गायब व्हायचा, आणि ही बाई भरचौकात त्याची नक्कल करत होती!

विलासचे वडील दर जयंतीला गावात जलसा करायचे, गाण्यांतून आणि सोंगांतून जुलूम करणाऱ्यांची टर उडवायचे. तो ओरडलाच, "दादा, भाषा कळत नाय, पण हा आपला जलसाच हाय!"

मीही गस्त थांबवून बघत उभा राहिलो.

चार चाळीसला जनरलचे दोन ट्रक आले. आधी हवेत फायर झाला. गर्दी फुटली. मरियम धरून नाटकातले आठ कलाकार आमच्या चिलखती गाडीकडे धावले.

मी रेडिओ उचलला. "आठ सिव्हिलियन, जिवाला धोका. आत घेऊ? ओव्हर."

"वेट. ओव्हर."

"वेळ नाही. ओव्हर."

दोन सेकंद नुसती खरखर. मग, "घ्या. आउट."

विलास मागच्या दारातून एकेकाला आत ओढत होता. सात झाले. मरियम वीस पावलांवर विजारीत पाय अडकून पडली होती.

"दादा, आणतो तिला."

"थांब, कव्हर देतो!"

आम्ही फायर उघडला तेव्हा तो निम्म्या वाटेवर होता. त्यानं तिला उचलून आणलं, आत ढकललं, आणि दाराशीच त्याच्या मानेत गोळी लागली. मी त्याला आत ओढलं. गाडी सुटली. तळ येईपर्यंत मरियम दोन्ही हातांनी त्याची जखम दाबून बसली होती.

पाच दहाला विलास गेला.

पुढच्या आठवड्यात त्या आठ जणांनी आमच्या तळावर उरलेलं नाटक केलं. तारेच्या कुंपणापलीकडे सगळी वस्ती लोटली. मरियमनं आधी विलासचं नाव तीनदा घेतलं, मग टोपी घातली. मी रडत होतो आणि हसतही होतो.

सुट्टीवर आल्यावर नाते गावी गेलो. विलासच्या आईनं सगळं ऐकून घेतलं.

"ती बाय अजून नाटक करते?"

"करते, आई."

"तिला म्हणावं, जयंतीला इकडं ये. मानसं मी जमवते."