नकाराची फाइल

दोन हजार सालच्या सुमारास मी सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होतो. विभाग म्हणजे मी आणि एक एसी खोली. कारखान्याचे सगळे ई-मेल माझ्या ताब्यातल्या सर्व्हरमधून जायचे-यायचे. जाहिरातींचे नकोसे मेल इतके वाढले होते की साहेब लोकांची सकाळ ते पुसण्यातच जायची. म्हणून मी एक यादी ठेवली होती. डावीकडे पाठवणाऱ्याचा पत्ता, उजवीकडे त्याला काय उत्तर द्यायचं ते. पण ही यादी माणसासाठी. सर्व्हर ती वाचत नसे. एक कमांड दिली की यादीवरून दुसरी, बांधीव फाइल तयार व्हायची आणि सर्व्हर फक्त तिच्यात बघायचा, कारण तिथं हजारो पत्त्यांतून हवा तो क्षणात सापडतो. यादीत काही बदललं की ती फाइल पुन्हा बांधायची. एवढंच काम, आणि मला ते फार आवडायचं.

स्टोअरमध्ये एक काका होते. मखमलाबादकडे त्यांची फुलशेती होती. सकाळी मळ्यातलं उरकून ते कामावर यायचे, त्यामुळे त्यांच्या नखांत माती असायची. त्यांची मुलगी मस्कतच्या एका दवाखान्यात नर्स होती. दर रविवारी ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून काकांसाठी मेल पाठवायची, माझ्याच पत्त्यावर. सोमवारी मी तो कागदावर छापून द्यायचो. काका दारात उभे राहून म्हणायचे, "काय कंप्युटरवाले, पोस्टमन आला का?" मग माझ्याकडूनच वाचून घ्यायचे, आणि मी एखादी ओळ गाळली की ती त्यांना बरोबर कळायची.

एकदा जाहिरातींचा लोंढाच आला. बराचसा एका छोट्या फुकट मेल-सेवेवरून येत होता. मी एकेक पत्ता टिपत बसलो नाही. त्या सेवेचं अख्खं नावच यादीत घातलं आणि उजवीकडे इंग्रजीत एक ऐटबाज वाक्य लिहिलं: तुमच्याकडचा कोणताही मेल आम्हाला नको आहे, कृपया पुन्हा लिहू नये. फाइल बांधली. साहेबांनी शाबासकी दिली.

त्या सोमवारी काकांचा मेल नव्हता. पुढच्याही नाही. तिसऱ्या सोमवारी त्यांनी विचारलं तेव्हा मला आठवलं, मुलीचं खातं त्याच सेवेचं. मी घाईने यादी उघडली आणि ती ओळ पुसली. काकांना म्हणालो, लाइनचा घोळ होता, आता येईल. खोटं बोललो होतो, म्हणून त्यांच्यासमोर बसवेना. यादीत ती ओळ आता दिसत नव्हती, त्यावर समाधान मानून मी उठलो. फाइल बांधलीच नाही.

आणखी एक सोमवार कोरडा गेला. काका खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "ती लय चिडली हे माझ्यावर." महिनाभरापूर्वी फोनवर त्यांनी तिला लग्नावरून बोल लावले होते. किती वर्षं थांबायचं, लोक विचारतात, वगैरे. त्यानंतर तिचा फोनही नव्हता. मग त्यांनी मला मेल सांगितला आणि मी लिहिला: रागावू नको, तुझ्या मनात काय असेल ते लिही. तो मी लगेच पाठवला.

दोन दिवसांनीही उत्तर नाही, तेव्हा मी सर्व्हरची नोंदवही उघडली. कोणाला आत घेतलं, कोणाला परत पाठवलं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. आमचा मेल गेल्यावर तासाभरातच तिनं उत्तर दिलं होतं. ते सर्व्हरनं परत पाठवलं होतं. त्याआधीची तिची चार पत्रंही. प्रत्येक वेळी तिला माझं ते वाक्य गेलं होतं. यादीवरची तारीख गेल्या आठवड्यातली आणि बांधीव फाइलीवरची महिन्यापूर्वीची. कमांड द्यायला मला एक सेकंद लागला.

मी स्टोअरमध्ये गेलो आणि काकांना सगळं सांगितलं. लाइनचा घोळ नव्हता हेही. त्यांनी हातातले बोल्ट खोक्यात ठेवले. मग म्हणाले, "मला नको सांगू. तिला सांग. माझ्या तोंडून तिला खरं वाटायचं नाय."

साहेबांची परवानगी काढून मी माझ्या खोलीतून तिच्या होस्टेलला फोन लावला. काका शेजारी उभे होते. मी चूक सांगितली. मग तिनं माझं इंग्रजी वाक्य मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

"हे बाबांनी लिहायला सांगितलं होतं?"

"नाही. माझंच आहे."

"इंग्रजी चांगलं आहे तुमचं," ती म्हणाली, आणि मग पहिल्या पत्राचं सांगू लागली. पहिल्या पत्रात तिनं लिहिलं होतं की तिच्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलाशी तिला लग्न करायचंय, तो आपल्यातला नाही, बाबांनी नको म्हटलं तर ती नाही करणार. त्याला उत्तर म्हणून ते वाक्य गेलं होतं.

मी फोन काकांकडे दिला. ते तिला काही बोलण्याआधी माझ्याकडे वळले. "ते पहिलं पत्र काढता येईल का रे?"

नाही येणार, मी म्हणालो. परत पाठवलेला मेल सर्व्हर ठेवत नाही. तिच्याकडेही प्रत नव्हती; परत गेलं ते फक्त नकाराचं वाक्य, मजकूर नाही. त्या खात्यात पाठवलेलं जपून ठेवायची सोय नव्हती.

काका फोनमध्ये म्हणाले, "पोरी, पत्रात लिहिलं होतंस तसंच सांग. पहिल्यापासून. मी ऐकतो."

मी बाहेर जायला निघालो तर त्यांनी माझं मनगट धरलं. ती बोलत होती, ते मान हलवत होते, मधूनच "बरं" म्हणत होते. एकदा विचारलं, "तुला जपतो ना तो?" आणि उत्तर ऐकून डोळे मिटले. फोन संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. तो राग होता की आणखी काही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.